चार पिना

रात्री तिनं पदराच्या पिनांतल्या चार मोजून दिल्या.
"परत आण," म्हणाली.
पाठीवर नंबर लागला: तीनशे अठरा.
आरशात तो उलटा दिसला
तरी कुणीतरी नावाजलेला माणूस वाटलो.

पहाटेचे पाच. ऑरेंज गेटपाशी
पिवळ्या उजेडात सत्तर-ऐंशी जण
बगळ्यांसारखे एका पायावर.
कुणी खजूर चघळतंय, कुणी टायर दाबून बघतंय.
मी कवळ्या बनवतो, दादरला, एका दातांच्या डॉक्टरकडं.
वय सत्तेचाळीस. माझ्या पोटऱ्यांवर केस आहेत,
शेजारच्याच्या नव्हते.
"भादरलं की वारा कमी लागतो," तो म्हणाला.
मी हेल्मेट उचलून टक्कल दाखवलं.
म्हटलं, माझा हिशेब वरून सुरू होतो.

शिट्टी झाली,
आणि सगळे बूट खटाखट पेडलांत बसले,
टेबलावर एकदम पन्नास कवळ्या मिटाव्यात तसे.

एरवी या रस्त्यावर सायकल घातली तर हवालदार हटकतो.
आज तोच बाजूला उभा, जांभई देत.
माझ्यापुढं इनास डाबरे, वसईचा, बंब चालवतो,
पाठ दाराएवढी.
त्या दाराआड मी शिरलो.
आत वारा नव्हता.
तिथं बसलं की वाटतं, आपल्याच पायांत दम आहे.

आणिकच्या बोगद्यात घोळका शिरला
तेव्हा कुणी बोलेना.
दीडशे चाकांचा मिळून एकच रातकिडा
भिंतीभिंतीतून किरकिरत गेला.

परतताना शिवडीच्या वर इनासनं कोपर हलवलं.
म्हणजे, ये पुढं.
आलो.
चाळीस सेकंद असतील. जास्त नाहीत.
पुढं कुणीच नाही. दिवे, डांबर,
आणि खाडीवरून आलेला वारा, सगळा,
बरगडीत शिरून मोजदाद करणारा.
मनात आलं,
इतका वेळ हा माणूस हे छातीवर घेत होता होय?
आणि एक शब्द बोलला नाही.

दुसऱ्या फेरीत, गोवंडीच्या वळणावर
सगळ्यांनी ब्रेक दाबले, सगळे पुन्हा उठले.
मी उठलो नाही.
दोन हात अंतर पडलं. मग चार.
मग एक बस मावेल एवढं.
मग तांबडे दिवे, मुंगीएवढे,
मग तेही नाहीत.

बोगद्याच्या अलीकडं ऐकू आलं:
फड फड. फड फड.
कुणीतरी मागं लागलंय.
बोलत नाही, पुढं येत नाही,
बसलाय माझ्या आडोशाला, फुकट्या.
बोगद्यात त्याचे दोन झाले.
बाहेर आलो, पुन्हा एक.

मागं बघायचं नाही असं ठरवलं.
बस बाबा, म्हटलं. मीही बसलो होतो.
चेंबूरचा तो तेलकट वास त्याच्या वाटचाही ओढला,
मिठागरांवर उजाडलं ते दोघांनी बघितलं.
पुलाच्या सांध्यांपाशी हात खाली करून
त्याला खड्डे दाखवले.
एकदा कोपरही हलवलं.
आला नाही.
मग मीच ओढत राहिलो, मांडीत गोळे घेऊन,
सरळ रेघेत, त्याला वारा लागू नये म्हणून.

सात वाजून गेले होते. रस्ता सुटला होता.
दुधाच्या टेम्पोनं मला हॉर्न दिला.
अंतिम रेषेवर एक मुलगी चटई गुंडाळत होती.
"काका, तुमच्या मागं अजून कुणी आहे?"
"एक आहे," म्हटलं,
आणि मान वळवली.

घरी तिनं पिना तळहातावर घेतल्या.
"तीन," म्हणाली. "चौथी?"
"गोवंडीकडं पडली बहुतेक.
कोपरा सुटून नंबर फडफडत होता."
"एवढं फडफडलं, आणि तुला कळलं नाही?"
"कळलं ना.
मला वाटलं, कुणीतरी सोबत आहे."